म्हसोबापाशी लागणारा ब्रेक

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आधी नाकाला कळतं. मंचर सोडून पारगावच्या रस्त्याला लागलं की काचा बंद असल्या तरी मळीचा आंबूस वास गाडीत शिरतो. रस्त्यावर टायरखाली चेपलेली उसाची कांडी पडलेली असतात आणि पुढं एखादा ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून, दोन ट्रॉल्या ओढत, सगळा रस्ता आपल्या नावावर असल्यासारखा चाललेला असतो. लहानपणी मी जुन्नरहून नानांकडे यायचे तेव्हा या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. आता मी आधी आरशात मागची ट्रॉली बघते.

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. वडील जुन्नरला शाळेत मास्तर होते, त्यामुळं शेती नानांनी पाहिली. पारगावच्या अलीकडं रस्त्याला लागून आमचं रान आहे, आणि रस्ता जिथं वळतो तिथलं कोपऱ्याचं वावर हा नानांचा जीव की प्राण. काळी कसदार जमीन, बांधावर चिंच, खालून ओढा. त्या वावरात उभं राहिलेल्या नानांना हाक मारली तर ती त्यांना लगेच ऐकू येत नाही. काकू म्हणते, घरात बोलावलं तर आणखीच उशिरा ऐकू येते.

मी गाड्या तपासते. संशय घेणं हाच माझा धंदा आहे, असं म्हटलं तरी चालेल. हल्लीच्या गाड्यांत, पुढं काही आडवं आलं तर गाडी आपणहून ब्रेक मारते. त्यासाठी काचेमागं कॅमेरा असतो आणि पुढच्या बंपरमध्ये रडार. कॅमेरा सांगतो समोर काय आहे, रडार सांगतं ते किती लांब आहे. कॅमेरा धुक्यात आंधळा होतो आणि मावळतीच्या उन्हात भांबावतो. रडारला लोखंड दिसलं की ते हुरळून जातं. दोघांचं ऐकून गाडीतला संगणक निकाल देतो. याला सेन्सर फ्यूजन असं भारदस्त नाव आहे, पण शेवटी ते साक्षी जुळवणंच. निकाल किती वेळा खरा निघतो, किती वेळा फसतो आणि का फसतो, हे मी बघायचं.

दोन साक्षीदारांचं एकमत झालं की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. मी मात्र तेव्हाच कान टवकारते. त्यांनी आधी कुठं बसून ठरवलं असेल का, दोघांनाही एकाच गोष्टीनं फसवलं असेल का, असे किडे माझ्या डोक्यात वळवळायला लागतात. नवरा म्हणतो, तुझ्याशी बोलताना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. त्याचं हे म्हणणंही मी अजून तपासते आहे.

त्या हंगामात, दोन वर्षांपूर्वी, आमच्या कंपनीला उसाच्या गाड्यांनी भरलेला रस्ता हवा होता. बैलगाडी, जुगाड करून जोडलेल्या ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे उसाच्या शेंड्यांचे वाढे, अंगावर घोंगडी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालणारी माणसं, असं सगळं एकाच रस्त्यावर. साहेबांनी विचारलं, असा रस्ता कुणाला माहीत आहे? मी हात वर केला. आपलं गाव कामाला आलं म्हणून मी किती फुशारले होते!

गाडीच्या टपावर गरगर फिरणारं एक लेझर यंत्र बसवलं होतं. त्याला जे दिसेल ते आम्ही खरं धरायचो आणि कॅमेरा-रडारच्या निकालाला त्याच्याशी लावून बघायचो. आणि गाडी नेमकी कुठं आहे हे वितीच्या आत कळावं म्हणून जवळच मोकळ्या आभाळाखाली, तिपाईवर एक अँटेना उभा करावा लागे. तिपाई कुठं ठेवायची? राखणीला माणूस हवा, गुरांचा धक्का लागायला नको. मला नानांचं खळं आठवलं. काकूनं तिपाईभोवती रांगोळी काढायचं तेवढं बाकी ठेवलं. पहिल्या दिवशी आम्हाला बाजरीची भाकरी, मेथी, वर गूळ. ड्रायव्हर रफीकभाई जुन्नरचेच. ते म्हणाले, "ताई, अशी ड्यूटी रोज लागली तर मी रिटायर होनारच न्हाई."

ते दिवस अजून डोळ्यांपुढं आहेत. सकाळी ओढ्यावरून धुकं वर यायचं आणि बैलगाड्या दिसण्याआधी घुंगरं ऐकू यायची. कॅमेऱ्याला काहीच दिसायचं नाही, रडार मात्र चाकाच्या लोखंडी धावेवर अचूक बोट ठेवायचं. उसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून, कोप्यांतून, धूर निघायचा. दुपारी पाचट पेटवलेलं असलं की काळी फुलं उडत येऊन काचेवर बसायची, आणि कॅमेरा त्यांना पक्षी म्हणायचा. एकदा आम्ही डिंगोऱ्याकडे गेलो तर उसातून एक बिबट्या निवांत रस्ता ओलांडून गेला. पडद्यावर त्याच्याभोवती चौकट आली आणि वर नाव आलं, कुत्रा. रफीकभाई म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, कुत्राच बरा. खरं कळलं तर गाडी घाबरंल."

गावाला मात्र हसू येत नव्हतं. टपावर फिरतं यंत्र, पुढं कॅमेरा, तीच गाडी त्याच रस्त्यानं खालीवर, आणि खळ्यात तिपाई. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की तिपाई आली म्हणजे मोजणी आली. मोठा रस्ता इकडून जाणार, ही आवई बरीच वर्षं फिरतच होती. कुणी म्हणे ओढ्याच्या अल्याडनं, कुणी म्हणे पल्याडनं. आता पुरावा मिळाला. एकानं गाडी पाहिली होती, दुसऱ्यानं तिपाई. दोघं चहाच्या टपरीवर भेटले आणि रस्ता पक्का झाला.

आम्ही टपरीवर गेलो की गप्पा थांबायच्या. गेनूभाऊ, नानांचे बांधशेजारी, ज्यांच्या अंगाखांद्यावर मी खेळले, ते मला विचारायला लागले, "काय पावणं, कंच्या हापिसातनं?" मी म्हटलं, गेनूभाऊ, मी वैशाली. "व्हय, वळाकलं की," ते म्हणाले, "म्हनून तर इचारतोय." त्या दिवशी माझा चहा कपातच राहिला.

मग एका दुपारी जेवताना नानांनी हळूच विषय काढला.

"वैशे, खरं सांग. रस्ता कुटनं चाललाय?"

"नाना, रस्ताबिस्ता काही नाही. आम्ही गाडी तपासतोय."

"गाडी तपासायला रान कशापायी मोजायचं?"

"रान नाही मोजत. गाडी कुठं आहे ते मोजतो."

"गाडी रस्त्यावर हाय. आमाला हितनं डोळ्यानं दिसतीया."

काकू म्हणाली, "पोरगी सांगती तर ऐका की." नाना ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "सायबानं तोंड उघडू नगं म्हनून सांगितलं आसंल. तिचा तरी काय इलाज!" माझ्याकडं बघून ते इतकं समजूतदार हसले की मला रागच आला. मी दोन-तीनदा तेच सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितकं खोटं वाटायला लागलं, माझं मलाच.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला ऑफिसात होते. गाडी रफीकभाई आणि ऑफिसातला एक मुलगा चालवत होते. आतापर्यंत शहाण्यासारखं वागणारी गाडी एका वळणावर रिकाम्या रस्त्यात करकचून थांबायला लागली. दरवेळी नाही, पण जेव्हा थांबायची तेव्हा तिथंच. कॅमेरा म्हणत होता, वळणावर काहीतरी हलतंय. रडार म्हणत होतं, समोर मोठं लोखंडी धूड आहे. दोन्ही साक्षी जुळल्या आणि निकाल लागला. पण लेझरच्या हिशोबात रस्ता मोकळाच होता.

ऑफिसात जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवू लागला. रडारवाले म्हणाले कॅमेरा बिघडला, कॅमेरावाले म्हणाले रडार. मला तर लेझरचाही संशय यायला लागला. साहेबांनी शेवटी सोपा तोडगा काढला. "ते एक वळण सोडून दे ना. बाकी आकडे छान आहेत." मला आकड्यांपेक्षा त्यांच्या 'छान'ची भीती वाटली. त्या रस्त्यावर मागून उसाच्या ट्रॉल्या येत असतात, आणि भरलेली ट्रॉली ब्रेक मारला म्हणून जागच्या जागी थांबत नसते. पुढची गाडी भासाला घाबरून थांबली तर मागची खरी गाडी तिच्यात घुसणार. वळण मी सोडलं नाही.

मग मी त्या वळणाचे सगळे व्हिडिओ एकापाठोपाठ एक लावून बघत बसले. सुरुवातीच्या दिवसांत तिथं बांध, चिंच आणि ऊस. नंतरच्या दिवसांत उसाच्या कडेला, अगदी रस्त्याकडं तोंड करून, कोऱ्या करकरीत पत्र्याची शेड. पत्रा रडारला आरशासारखा. वळणापलीकडून येणारा ट्रॅक्टर त्यात उमटायचा आणि रडारला तो सरळ समोर दिसायचा. त्याच वेळी रस्त्यावर झुकलेला ऊस वाऱ्यानं हलला की कॅमेराही दचकायचा. दोघांचे दोन अर्धवट संशय मिळून एक पूर्ण खात्री तयार होत होती. उत्तर सापडल्याच्या आनंदात मी टेबलावर थाप मारली.

आणि मग मधल्या एका दिवसाचा व्हिडिओ लागला. शेड अर्धी झालेली. शिडीवर एक माणूस पत्रा ठोकत होता. गाडीचा आवाज ऐकून त्यानं वळून पाहिलं, आणि गाडी ओळखल्यावर पटकन तोंड फिरवलं. पांढरी टोपी, काखेत विरलेली बंडी. वळण ओळखीचं होतंच, पण इतका वेळ मी त्याला वळण म्हणूनच बघत होते. ते आमचं कोपऱ्याचं वावर होतं, आणि शिडीवर नाना होते.

मला रडू आलं, हे लपवून काय करायचं? माझ्या शब्दावर नानांचा विश्वास नव्हता, हे मला त्यांच्या तोंडून नाही, तर कामाच्या व्हिडिओतून कळावं! रफीकभाईंना फोन करून विचारलं, तुम्ही पाहिलंत तर सांगितलं का नाही? ते म्हणाले, "मला वाटलं, घरातली गोष्ट हाय, तुमाला ठावं आसंल."

दुसऱ्याच दिवशी गावी गेले. शेडमध्ये डोकावले तर आत एक गोटा, त्याला ताजा शेंदूर, पुढं नारळ. म्हसोबा! हा देव माझ्या जन्मात तिथं नव्हता. नाना बांधावर उभे होते. म्हणाले, "मोकळ्या रानातनं रस्ता सरळ जातो वैशे. देवाला मातुर वळसा घालतो. गेनूनं आंब्याची रोपं लावली, दुसरं कुनी हीर खांदाया लागलं. भरपाई वाढंल म्हनत्यात. मला भरपाई नगं. मला वावर पायजे."

"पण नाना, मी सांगितलं होतं ना, रस्ता नाही म्हणून?"

"सांगितलंस की."

एवढंच. मी त्यांना पत्र्याचं सगळं समजावलं, मागून ट्रॉली आपटेल म्हटलं, शेड काढा म्हटलं. ते म्हणाले, "काढतो. रस्ता कुटनं जातोय तेवढं सांग, लगीच काढतो." आता या माणसापुढं डोकं आपटायचं तरी कुठं?

शेड निघेना, तेव्हा तपासणी मलाच नीट करावी लागली. वळणाच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करून, मागची वाहनं थांबवून, आम्ही गाडी तिथून पुन्हा पुन्हा नेली. पत्रा कोरडा असताना, दवानं ओला असताना, समोरून ट्रॅक्टर येताना. ट्रॅक्टर आला की गाडी म्हसोबापाशी मान खाली घालून थांबायची. बघायला अर्धा गाव जमला. आधी हसले, मग हळूहळू गप्प झाले, मग बायांनी पदर डोक्यावर घेतले. एक ट्रॅक्टरवाला उतरून म्हणाला, "अवो ताई, त्यो जाऊ देत न्हाई. उगा कशाला झोंबताय?" आणि त्यानं ट्रॉलीतला एक ऊस उपसून शेडपुढं ठेवला. गर्दीच्या मागं नाना हाताची घडी घालून उभे होते. ते देवाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

माझ्या अहवालामुळं पुढं पत्र्याचा भास ओळखायची सुधारणा झाली. साहेबांनी पाठ थोपटली. आमचं त्या रस्त्यावरचं काम संपलं. पावसाळ्यात गाडी आहुप्याच्या डोंगरात धुक्यात तपासायची ठरली. तिपाई उचलून न्यायला मी शेवटची गावी गेले तेव्हा ऊस तुटून गेला होता, रानं उघडी पडली होती आणि तुटल्या खोडांतून फुटणाऱ्या खोडव्याला पाणी सुटलं होतं. गावाचा निकाल लागला होता: मोजणीची गाडी म्हसोबानं अडवली, सरकारनं रस्ता फिरवला. गेनूभाऊंनी मला बोलावून चहा पाजला आणि या खेपेला तो संपेपर्यंत समोर बसले.

नानांनी मला चिंचेखाली नेलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघून माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरले होते.

"म्हसोबाचं गावाला सांग," ते म्हणाले. "त्यो मीच मांडलाय, मला ठावं न्हाई व्हय? गाडी तू थांबवायचीस. बरुबर माज्या वावरापाशी. सायबाला दावाया. कळलं मला."

"नाना, तसं काही नाही. ती आपणहून—"

"नगं बोलू. रगत ते रगत. मी तुज्यावर इश्वास ठेवला न्हाई, आन् तू वावर वाचवलंस."

मी पुन्हा सांगितलं, रस्ता कधी नव्हताच. ते डोळे पुसत हसत राहिले आणि मान डोलवत राहिले. खोटी पण किती गोड साक्ष जुळली होती! मला तिथून हात सोडवून घेता आला नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यावासाही वाटला नाही. काकूनं पाठवलेली गुळाची ढेप घेऊन मी परतले.

त्यानंतर नाना बदललेच. सणाला फोन, वाढदिवसाला फोन. पाहुण्यारावळ्यांत माझं कौतुक करताना आवाज खाली आणतात आणि एक भुवई उडवतात. दरवेळी मला वाटतं, यांना एकदा नीट बसवून समजवावं. पण प्रेमानं जेवायला वाढणाऱ्या माणसाला, तुम्ही चुकीच्या कारणासाठी वाढताय, हे कसं सांगायचं?

आणि आज दुपारी त्यांचा फोन आला. मागं ट्रॅक्टर धडधडत होते. नाना खुशीत होते.

"वैशे, कोपऱ्याच्या वावरात पिवळ्या रंगाच्या खुना मारून गेलीत मान्सं. मोरीवर मारल्या, चिंचंवर मारल्या. गेनूच्या बांधावर बी."

"कोण माणसं? कुठल्या ऑफिसची?"

"आता मला इचारतीस व्हय? तुजीच आस्त्याल."

"माझी नाहीत नाना. आमचं कुणी तिकडं आलेलंच नाही. तुम्ही तलाठ्याला जाऊन विचारा. हरकत घ्यायची तर वेळेत घ्यावी लागते, नंतर कुणी ऐकत नाही."

"बरं, बरं."

"बरं नाही! खरंच माझी नाहीत. मला यातलं काहीही माहीत नाही."

पलीकडं ते हसले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "कळलं मला. फोनवर नगं बोलू." आणि फोन ठेवला.

मी लगेच परत लावला. लागेना. तासाभरानं लागला, तो काकूनं उचलला. गेनूभाऊ आणि चार जण कागदपत्रं घेऊन मंचरला तहसीलदाराकडं निघालेत, नानांना बोलवायला आले होते, पण हे नाही म्हणाले, असं तिनं सांगितलं.

"आमची वैशी बगती म्हनाले. जेवले आन् आडवे झाले बग. कदी न्हाई ते भर दुपारी घोरत्यात. तू सुखात हायस न्हवं?"

"काकू," मी म्हटलं, "उठव त्यांना."